निवडणं कुणाच्या हाती?

(उमरी, जि. नांदेड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि ८ मार्चचा महिला दिन यांच्या मधल्या आठवड्यात आपण जमलो आहोत. हुंडा, दारू, मारहाण या विषयांवर इथे नेहमीच बोललं जातं आणि बोललं जायलाच हवं. पण यंदा मला विज्ञानावर बोलायला सांगितलं आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली कार्यकर्ती, जीवशास्त्राची प्राध्यापक नव्हे. तरीही विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. गावोगावच्या बैठकांमध्ये एक प्रश्न सारखा विचारला जातो. 'ताई, बीटी आली तेव्हा बोंडअळी गेली होती. मग ती परत कशी आली?'

त्याची उत्तरंही बैठकीतच मिळतात. कुणी म्हणते बियाणं बोगस होतं. कुणी म्हणते अळीला औषधाची सवय झाली. एखादी म्हातारी म्हणते, कलियुग आहे माय, दुसरं काय! बोगस बियाणं बाजारात असतं, त्याच्याविरुद्ध भांडायलाच हवं. पण खरं, चांगलं बियाणं पेरलेल्या वावरातही गुलाबी बोंडअळी आलीच. त्याचं उत्तर ज्या विचारात आहे तो चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५९ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवला. त्याला उत्क्रांती म्हणतात आणि ती घडवणाऱ्या मुख्य प्रक्रियेला नैसर्गिक निवड.

शब्द जड वाटतात. पण 'निवड' हा शब्द आपलाच आहे. तांदूळ निवडणं, तूरडाळ निवडणं, भाजी निवडणं हे आपण जन्मभर करत आलो. सुपात धान्य घेतलं की खडे बाजूला, दाणे बाजूला. चाळण घेतली तर तेही सोपं. चाळणीला डोळे नसतात. हा दाणा चांगला आणि तो वाईट असं ती ठरवत नाही. भोकापेक्षा बारीक असेल ते खाली पडतं, जाड असेल ते वर राहतं. निसर्गाची निवड सुपासारखी नसते, चाळणीसारखी असते. तिथे निवडणारं कुणी बसलेलं नसतं.

नैसर्गिक निवडीला तीनच गोष्टी लागतात. पहिली, एकाच जातीचे सगळे जीव सारखे नसतात. एकाच आईची चार लेकरं पाहा, चौघं चार तऱ्हेची. अळ्यांचंही तसंच. आपल्याला त्या सारख्या दिसतात एवढंच. दुसरी, या फरकांतले काही आईबापांकडून पिलांकडे जातात. तिसरी, या फरकांमुळे काही जीव जगतात आणि त्यांना पिलं होतात, काही त्याआधीच मरतात. या तीन गोष्टी जुळल्या की पुढची पिढी आधीच्या पिढीसारखी राहत नाही. जे चाळणीत वर राहिले त्यांचीच लेकरं आता वावरात असतात. असं हजारो, लाखो पिढ्या चालत राहिलं की नव्या जाती तयार होतात. त्याला माणसाच्या हिशेबाने फार काळ लागतो. पण एखादी कीड बदलायला फार काळ लागत नाही, कारण तिच्या पिढ्या भराभर होतात. ते आपल्या डोळ्यांदेखत घडलं.

गुलाबी बोंडअळी आपल्याकडची जुनीच कीड. शास्त्रज्ञांनी तिची पहिली नोंद केली ती १८४३ साली, गुजरातेतल्या भडोचकडच्या कापसावरून. तिचा पतंग एवढासा, मातकट रंगाचा. मादी पाती, फुलं आणि बोंडांवर अंडी घालते. अळी बाहेर आली की बोंडात शिरते, आणि शिरलेलं छिद्र बुजून जातं. मग ती आत बसून सरकी खाते. वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. महिन्याभरात एक पिढी पुरी होते, म्हणजे एका हंगामात चार-पाच पिढ्या. आपल्या घरात सासू, सून, नातसून व्हायला साठ वर्षं लागतात. अळीला दिवाळीपर्यंतचा काळ पुरतो.

त्याच कापसावर दुसरी एक अळी आहे, जिला आपण हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतो. १९८०च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीची औषधं आली आणि पहिली काही वर्षं ती अळी पटापट मेली. १९८७ साली आंध्रात ती या औषधांना दाद देईना. मग फवारे वाढले, कर्ज वाढलं. १९९७-९८ साली वारंगळ भागात कापूस उत्पादकांच्या आत्महत्या झाल्या, त्यामागे ही अळी आणि हे कर्ज दोन्ही होतं.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचं तंत्र आणि आपल्या जालन्याच्या महिकोचं संकरित बियाणं. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूच्या अंगात अळीला मारणारं विष असतं. त्या विषाचं जनुक कापसात घातलं, आणि झाडाच्या पानापासून बोंडापर्यंत ते विष तयार होऊ लागलं. अळीने बोंड कुरतडलं की ती मरायची. २००६ साली दोन विषांचं बियाणं आलं, बीजी-टू. दहाएक वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापसाचं क्षेत्र बीटीखाली गेलं. सुरुवातीला अळीचे फवारे खरोखरच कमी झाले. ते नाकारण्याचं कारण नाही.

आता चाळण आठवा. विष आतड्याच्या एका ठराविक जागी चिकटतं तेव्हाच अळी मरते. समजा, लाखो अळ्यांमध्ये एखाद-दुसरी अशी आहे की जिच्या आतड्याची ती जागाच जन्मतः वेगळी आहे. तिला विष चिकटत नाही. ही अळी बीटी यायच्या आधीही असणारच, पण तेव्हा तिच्या या वेगळेपणाचा तिला काही उपयोग नव्हता. मग आपण नव्वद टक्के वावरांत एकच चाळण लावली. बाकीच्या मेल्या, ही उरली. खायला सगळं बोंड तिचंच. तिची पिलं तिच्यासारखी. २०१० साली गुजरातमधल्या अमरेली आणि आसपासच्या जिल्ह्यांत पहिल्या विषाला गुलाबी अळी दाद देत नाही असं जाहीर झालं. २०१४-१५च्या सुमारास गुजरातेत बीजी-टूवरही ती सापडू लागली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यातली वावरंच्या वावरं तिने खाल्ली.

म्हणून 'अळीला सवय झाली' हे वाक्य मला खोडून काढायचं आहे. सवय कुठल्याच अळीला झाली नाही. जिला विष बाधत होतं ती मेली, जिला बाधत नव्हतं ती जगली. एकही अळी काही शिकली नाही. बदललं ते अळ्यांचं प्रमाण. आधी लाखात एक होती, आता तीच सगळीकडे आहे. हा फरक नुसता शब्दांचा नाही. सवय झाली असं मानलं की आपण म्हणतो, आता जास्त जहाल औषध मारा. दुकानदारही तेच म्हणतो. निवड झाली हे कळलं की आपण वेगळा प्रश्न विचारतो. चाळण कुणी लावली, आणि ती बदलता येईल का?

हेच क्षयरोगात होतं. गोळ्या दोन महिन्यांत बंद केल्या की जे जंतू थोडे चिवट होते ते उरतात, वाढतात आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जातात. तिथे एकदम तीन-चार औषधं देतात, कारण एका औषधातून सुटणारा जंतू दुसऱ्यात सापडावा. म्हणून कोर्स पुरा करा असं आशाताई जीव तोडून सांगते. त्यामागचं शास्त्र डार्विनचंच आहे.

कापसात चाळण बदलता आली असती का? आली असती. तो उपाय पहिल्या दिवसापासून पाकिटात होता. बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅमचं लहान पाकीट यायचं, बिगर-बीटी सरकीचं. ते वावराच्या कडेने लावायचं होतं. पुष्कळ ठिकाणी ते बांधावर फेकलं गेलं. शेतकऱ्याचं म्हणणं असं, की अळीला खायला मी कशाला पेरू? ते चुकीचंही वाटत नाही, कारण त्या लहान पाकिटाचं काम त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

ते काम असं. प्रत्येक अळीला गुणाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. विषातून सुटण्याचा गुण दोन्हीकडून आला तरच अळी बीटीच्या बोंडात नीट तगते. एकाच बाजूने आला तर ती बहुधा मरते. कडेच्या बिगर-बीटी ओळींमध्ये साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात. बीटीतून सुटलेल्या एखाद्या पतंगाला जोडीदार मिळतो तो या साध्या पतंगांमधला. त्यांची पिलं बीटीवर मरतात. म्हणजे ती कडेची ओळ अळीचे लाड करण्यासाठी नव्हती. सुटलेल्या अळीला सुटलेलाच जोडीदार मिळू नये यासाठी होती. ती ओळ गेली आणि सुटलेल्यांची सुटलेल्यांशी जोडी जमली. पुढे बियाण्याच्या पाकिटातच थोडी बिगर-बीटी सरकी मिसळून द्यायची पद्धत आली, पण तोवर अळी बदलून गेली होती.

दोन पुरावे सांगते. पहिला आपल्याच वावरातला. घाटेअळी कापूस खाते तशी तूर खाते, हरभराही खाते. तिला कडेची ओळ न पेरता मिळाली. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते. म्हणून बीटीला घाटेअळीने इतक्या लवकर हरवलं नाही, गुलाबीने हरवलं. दुसरा पुरावा अमेरिकेतल्या अॅरिझोनाचा. तीच गुलाबी अळी. तिथे १९९६ साली बीटी आला. शेतकऱ्यांनी बिगर-बीटी कापूस खरोखर पेरला आणि अळी बदलली नाही. २००६ पासून तर प्रजोत्पादन करू न शकणारे पतंग लाखोंनी सोडले गेले. २०१८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने तिथल्या कापसातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच होती, विषही तेच होतं. चाळण वेगळी होती.

मैत्रिणींनो, आता यात आपण कुठे आहोत ते पाहू. सरकी टोबतं कोण? खुरपतं कोण? वेचतं कोण? बाया. पण कोणतं बियाणं आणायचं, लहान पाकिटाचं काय करायचं, फवारणी कधी करायची, पीक कधी काढायचं, यातला एक तरी निर्णय बाईला विचारून होतो का? कृषी सहाय्यकाची बैठक मारुतीच्या पारावर होते. तिथे बाई बसत नाही. जिच्या हातात सरकी आहे तिलाच त्या सरकीचं काम माहीत नसतं.

आणि भुर्दंड कुणाला? अळी लागलेलं बोंड पुरतं उमलत नाही. कापूस पिवळा, चिकटलेला. कवडी म्हणतो आपण त्याला. तो बोंडातून ओढून काढायला दुप्पट वेळ लागतो, नखं जातात. आणि मजुरी किलोमागे. म्हणजे कष्ट दुप्पट आणि सांजच्याला तराजूत कमी. नुकसानीचा पंचनामा होतो तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या नावाने. वेचणारणीच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना त्या कागदावर नसतो.

२०१७ सालची दुसरी गोष्ट विसरू नका. त्या वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. औषधांची जहाल मिश्रणं मारली जात होती. अळी बोंडात बंद होती आणि विष माणसाच्या छातीत जात होतं. औषध कालवायचं पाणी पुष्कळ घरी बाईच आणते, फवारणीचे कपडे तीच धुते.

आता एक अवघड गोष्ट बोलते. अळी हटवायची तर तज्ज्ञ सांगतात, डिसेंबर-जानेवारीपर्यंत कापूस मोडा. फरदड घेऊ नका. पऱ्हाट्या घराजवळ रचून ठेवू नका. हे शास्त्र बरोबर आहे. खायला काही नसलं की ही अळी पऱ्हाटीत, वाळलेल्या बोंडात, साठवलेल्या सरकीत झोपून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात उठते. फरदड म्हणजे तिला उन्हाळ्यापर्यंत जेवण आणि पऱ्हाटीची रास म्हणजे तिला घर. पण फरदडीची वेचणी म्हणजे माघ-फाल्गुनात बाईच्या हातात येणारे चार पैसे. आणि पऱ्हाटी म्हणजे चुलीचं सरपण. सिलिंडर घरात असतं, ते भरायला पैसे नसतात.

म्हणजे उपाय शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आणि त्याची किंमत मोजायची बाईने. आपण शास्त्राला विरोध करायचा नाही. फरदड नको हे आपणही म्हणायचं. पण सोबत विचारायचं, की त्या दोन महिन्यांचं काम कुठे आहे? रोजगार हमीची कल्पना १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने देशाला दिली. गावात त्या दोन महिन्यांत काम निघावं ही मागणी ग्रामसभेत करायची. पऱ्हाट्यांचं गावातच बारीक तुकडे करून खत करायचं, तर त्या यंत्राची मागणी बाईच्या सरपणाच्या सोयीसकट करायची.

निसर्गाचं नाव घेऊन आपल्याला गप्प बसवतात, त्याबद्दल बोलायलाच हवं. 'बलवान तोच टिकतो, हा निसर्गाचा नियम आहे. बाई अशक्त, म्हणून ती खालीच राहणार.' शिकलेले लोकही हे म्हणतात आणि डार्विनचा हवाला देतात. पण डार्विनचा नियम असं सांगत नाही. टिकायला सगळ्यात योग्य तो टिकतो, आणि 'योग्य' म्हणजे त्या वेळच्या त्या चाळणीला योग्य. कापसात कोण टिकलं? करंगळीच्या नखाएवढी अळी. ती वाघापेक्षा बलवान नाही. चाळण बदलली की उद्या तीच मरेल. शिवाय निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून ती न्याय्य ठरत नाही. साप चावणं नैसर्गिक आहे, आपण तरीही दवाखान्यात जातो.

खुद्द डार्विनही आपल्या काळाच्या चष्म्यातून पाहत होता. १८७१ सालच्या पुस्तकात त्याने पुरुषाची बुद्धी स्त्रीपेक्षा श्रेष्ठ असल्याचं लिहिलं. चारच वर्षांनी, १८७५ साली, अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल या अमेरिकन बाईने पुस्तक लिहून त्याला उत्तर दिलं. तिने उत्क्रांती नाकारली नाही. ती म्हणाली, विचार मान्य आहे, पण स्त्रीकडे पाहण्याची तुमची नजर एकतर्फी आहे. मला ही रीत फार मोलाची वाटते. विज्ञान पुरुषांनी सांगितलं म्हणून टाकायचं नाही आणि शास्त्रज्ञाने सांगितलं म्हणून मान खाली घालून ऐकायचंही नाही. तपासायचं.

बियाणं तपासण्याचं काम तर बायांचं होतंच. आपल्या नांदेड-परभणीकडचा गावराणी कापूस एके काळी नावाजलेला होता. तो कुणा एकाने घडवला नाही. चांगल्या झाडाची सरकी बाजूला काढून पुढच्या सालासाठी जपून ठेवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यात घरच्या बाईचा हात होता. ही माणसाने केलेली निवड. डार्विनने आपल्या पुस्तकाची सुरुवातच अशा पाळीव जनावरांच्या आणि पिकांच्या निवडीपासून केली. संकरित बियाणं आलं तसं ते दर साली विकत घेणं आलं, कारण घरची सरकी ठेवली तर गुण टिकत नाहीत. त्याचे फायदे झाले, पण निवडण्याचं काम आपल्या हातातून कंपनीच्या आणि दुकानाच्या हातात गेलं.

ते थोडं तरी परत घेता येईल. यंदा मृगाच्या आधी प्रत्येक गावात एक बैठक बायांची घ्या आणि कृषी सहाय्यकाला तिथे बोलवा. जी सरकी टोबते तिला पाकिटावरचा मजकूर वाचून दाखवला पाहिजे. कामगंध सापळे लावले की नर पतंग किती पडतात ते मोजायचं असतं. हे मोजणं बचत गटातल्या मुली सहज करतील. दोडके फूल, म्हणजे पाकळ्या न उमलता गुंडाळलेली डोमकळी, दिसली की ती तोडून नष्ट करायची. हे वेचणाऱ्या बाईच्या डोळ्याला सगळ्यांत आधी दिसतं. पण ते तिच्या मजुरीत धरलं पाहिजे. कवडी कापसाची वेचणी किलोवर नको, रोजावर ठरवा. एकटीने मागितलं तर मुकादम दुसरीला बोलावेल. सगळ्यांनी मिळून मागितलं तर त्याला विचार करावा लागेल.

आणि दहावीतल्या ज्या मुली मागे बसल्या आहेत त्यांना सांगते. २०१८ साली आलेल्या आपल्या राज्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. देशपातळीवरच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग काढला गेला, त्याविरुद्ध शेकडो शास्त्रज्ञांनी निवेदन दिलं. तो धडा परीक्षेपुरता वाचू नका. घरी आईला वाचून दाखवा आणि तिला विचारा, तुझ्या वावरात असं काही पाहिलंस का? तिने पाहिलेलं असतं. ते ऐकून घ्या, वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.